दारातला पांगारा : दरवर्षी छाटतोय, तरी काटे वाढतच चाललेत

रुईकर_कॉलनीवाला
नमस्कार मंडळी. बागकामात मी कच्चा, म्हणून इथं विचारतोय. गेटच्या डाव्या अंगाला पांगारा आहे. सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हा शोभेचा म्हणून नर्सरीतनं आणलेला, पानांवर पिवळ्या शिरा असतात तो प्रकार. आता दुसऱ्या मजल्याच्या वर गेलाय. दरवर्षी मे महिन्यात माळी येतो आणि वरनं सगळा सपाट करून जातो. तरी तक्रारी हटत नाहीत.

नव्या फांद्यांवर इतके काटे की खाली पडलेली काटकी चपलेतनं आरपार जाते. शेजारच्या गल्लीतला पांगारा सध्या लालभडक आहे आणि आमच्यावर कुठंतरी चार तुरे. गेल्या वळवात एक भली मोठी फांदी पार्किंगच्या पत्र्यावर आली, गाडी थोडक्यात वाचली. आणि पानं आखडल्यागत, देठावर गाठी गाठी. माळी म्हणतोय यंदा अजून खालनं कापू. शेजारच्या काकू म्हणतात काढूनच टाका. बायको म्हणते झाडाला हात लावलात तर बघा. फोटो टाकलेत. काय करू?

ठसकेबाज
काकूंचं ऐका भावा. पांगारा काढा, तिथं लिंबू लावा. काटे तेवढेच, वर सरबताला लिंबू.

पेठेतला_वकील
ठसकेबाज, काढा म्हणणं सोपं आहे. महापालिका हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. स्वतःच्या कंपाउंडमधलं, स्वतः लावलेलं झाड असलं तरी वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. आणि कायद्यातल्या ‘तोडणे’त बुंध्यावर कुऱ्हाड घालणं एवढंच येत नाही, जाळणं, कापणं, झाडाला कुठलीही इजा करणं, सगळं येतं. म्हणून मोठ्या फांद्या उतरवायच्या असतील तरी आधी उद्यान विभागात फोटोसह अर्ज द्या आणि पोच घ्या. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांच्या वरच्या झाडांना वेगळं संरक्षण आहे. तुमचं त्यात बसणार नाही, पण वय विचारतील, अंदाज लिहून ठेवा.

हिरवी_मावशी
फोटो मोठे करून पाहिले. रुईकर कॉलनीवाले, तुम्ही चार तक्रारी लिहिल्यात, दुखणं एकच आहे. दुसरा फोटो बघा, वरच्या जाड फांद्यांच्या टोकाला मुठीएवढ्या गाठी झाल्यात आणि प्रत्येक गाठीतनं पाच-सात सरळसोट कोंब वर गेलेत. दरवर्षी त्याच जागी कापल्याशिवाय अशा गाठी होत नाहीत.

आता एकेक बघू. पांगाऱ्याचे काटे लाकडातनं येत नाहीत, सालीवर येतात, आणि मुख्यतः कोवळ्या फांद्यांवर. साल जाड होत गेली की ते झडतात. तुमच्याच झाडाचा बुंधा बघा, छातीच्या उंचीपर्यंत हात फिरवता येईल इतका मोकळा असेल. म्हणजे फांदी जुनी होऊ दिली तर काटे आपोआप कमी होतात. तुम्ही दरवर्षी जुनं कापून नवं उगवायला लावताय, मग बारमाही काट्यांचं पीक येणारच.

फुलांचंही तेच. पांगाऱ्याचा तुरा फांदीच्या टोकाला येतो, पानं झडल्यावर, आणि फांदी मुरलेली लागते. मे मध्ये टोकं उडवली की पुढचे सहा-सात महिने झाडाची सगळी ताकद उंची आणि पानं करण्यात जाते. जानेवारी उजाडतो तेव्हा अंगावर नुसत्या हिरव्या काठ्या असतात.

पत्र्यावर आलेली फांदी कुठनं तुटली ते बघितलंत का? बहुतेक गाठीतनंच निखळली असेल. असे कोंब सालीखालच्या सुप्त डोळ्यातनं येतात, मूळ लाकडात त्यांची पकड खोल नसते. त्यात पांगाऱ्याचं लाकूड मुळात हलकं आणि ठिसूळ. आपल्याकडं एप्रिल-मेचा वळीव येतो तो वारं घेऊनच. कोंब लांब, पानांनी जड, पकड वरवरची. तुटणार नाही तर काय.

पानांवरच्या गाठींबद्दल संध्याकाळी लिहिते. पेपर तपासायचे आहेत.

मळा_नरवाड
मावशींचं बरोबर असंल, पण आमच्या पानमळ्यात पांगारा, शेवगा, शेवरी याच्यावरच वेल चढवत्यात. दरसाल पांगारा छाटतोय, कधी मेला नाही की तक्रार नाही. वाढतोय पुन्हा जोमानं. छाटणीला उगाच बदनाम करू नगा.

हिरवी_मावशी
मळेवाले दादा, तुमचं झाड मरत नाही यात वादच नाही. पांगारा मरणाऱ्यातला नव्हेच, हाताएवढी जाड फांदी रोवली तरी मूळ धरतो. पण तुम्हाला त्याच्याकडनं काय पाहिजे? वेलाला आधार आणि हवी तेवढीच सावली. फूल नको, उंची नको, खाली मोटार नाही. कोवळ्या फांद्या तुम्ही जड व्हायच्या आत उतरवता. यांच्या दारात तोच कोंब वर्षभर वाढतो आणि पुढच्या वळवात पत्र्यावर येतो. पद्धत मळ्यासाठी योग्यच आहे, दारातल्या झाडाला चुकीची.

मळा_नरवाड
हे पटलं. आमच्यात फूल बघायला येळ कुणाला हाय!

रुईकर_कॉलनीवाला
अहो मावशी, आत्ता बाहेर जाऊन बघून आलो. खरंच, बुंध्याला काटा नाही आणि वरच्या कोंबांवर काळ्या टोकांचे काटे बोटबोटभर अंतरावर. आणि निखळल्याची खूण गाठीवरच आहे, वाटीसारखी खोलगट. मग मे मध्ये कापायचंच नाही का? कधी कापायचं?

हिरवी_मावशी
फुलं उतरली की लगेच. आपल्याकडं शिमग्यापर्यंत तुरे संपत येतात आणि नवी पालवी अजून धरलेली नसते. तो मोका. पाडवा ते जोतिबाची यात्रा म्हणा, त्याच्या आत काम उरकायचं. झाड उघडं असतं त्यामुळं कुठली फांदी कुठं जाते ते स्पष्ट दिसतं, वळवाच्या आधी जड फांद्या उतरतात, आणि नव्या वाढीला अख्खा पावसाळा मिळतो, म्हणजे ती थंडीपर्यंत मुरते. मे च्या शेवटी कापलं तर ताज्या कापावर थेट मृगाचा पाऊस. पांगाऱ्याचं लाकूड मऊ, पाणी मुरलं की कुजायला वेळ लागत नाही.

ऑक्टोबरात चुकूनही हात लावू नका. दिवाळीला घर स्वच्छ करताना माळ्याला ‘जाता जाता हे पण’ म्हणायची खोड असते आपल्याला. तेव्हा टोकं गेली की त्या वर्षीची फुलं गेली.

पक्षीवेडा_कळंबा
मध्येच घुसतो. शिमग्याच्या सुमारास कापणार असाल तर आधी खालनं नीट बघा, बुलबुलाचं घरटं असू शकतं. वाटीएवढं, दाट कोंबांच्या बेचक्यात असतं, पटकन दिसत नाही. असलं तर तेवढी फांदी पिल्लं उडेपर्यंत राहू द्या. आणि फुलं असताना सकाळी सातच्या आसपास गच्चीत उभं राहून बघा. साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, सूर्यपक्षी, कावळेसुद्धा, सगळे मधासाठी भांडत असतात. थंडी संपताना फुलणाऱ्या झाडांत पक्ष्यांची एवढी गर्दी पांगारा, काटेसावर आणि पळस या तिघांवरच. बायको हात लावू देत नाही म्हणालात, वहिनींना माझा नमस्कार सांगा.

ठसकेबाज
मी तर इतकी वर्षं याला काटेसावरच समजत होतो.

पक्षीवेडा_कळंबा
पान बघायचं. पांगाऱ्याला पळसासारखी तीन पानं एका देठावर. सावरीला पंजासारखी पाच ते सात. सावरीच्या बुंध्यावर जाड शंकूसारखे काटे असतात आणि फूल वाटीएवढं, मांसल पाकळ्यांचं. पांगाऱ्याचा तुरा असतो, एक पाकळी लांब आणि बाकीच्या आखूड.

शाहूपुरी_केमिस्ट
पानावरच्या गाठींना औषध सांगू का? दुकानात कडक कीटकनाशक आहे, दोनदा मारलं की साफ.

हिरवी_मावशी
कृपा करून नको. पेपर बाजूला ठेवून हेच लिहायला आले. ती पांगाऱ्याची गाठमाशी आहे, शास्त्रीय नाव क्वाड्रास्टिकस एरिथ्रिने. हिचं पहिलं शास्त्रीय वर्णन २००४ सालचं, आणि त्यानंतर थोड्याच काळात ती आशियाभर आणि हवाईपर्यंत पोचली. भारतातही तेव्हाच आली. मिलीमीटर-दीड मिलीमीटरची गांधीलमाशीची दूरची भाऊबंद. मादी कोवळ्या पानात, देठात, शेंड्यात अंडी घालते. आत अळी वाढते आणि झाड तिच्याभोवती गाठ धरतं. एक गाठ ब्लेडनं उभी चिरून बघा, आत बारीक कप्पे आणि त्यात पांढरट अळी दिसेल. ती आत सुरक्षित बसलेली असते. वरनं फवारलेलं औषध तिच्यापर्यंत जात नाही, आणि फुलांच्या दिवसांत मारलंत तर मधाला येणाऱ्या मधमाशा आणि पक्षी मात्र त्यात सापडतात.

हवाईत तर तिथल्या स्थानिक पांगाऱ्याचीच झाडं या माशीनं मोठ्या प्रमाणात मारली. शेवटी २००८ मध्ये तिच्यावर जगणारा दुसरा कीटक सोडला, तेव्हा आटोक्यात आली.

आता मुद्दा छाटणीचा. माशीला पाहिजे कोवळी पालवी. तुम्ही सगळं झाड एका दिवसात बोडकं करता, मग पंधरा-वीस दिवसांनी सगळीकडनं एकदम लुसलुशीत कोंब फुटतात. माशीला याहून बरं काय मिळणार? म्हणून गाठी आलेले शेंडे तेवढे वेचून कापा, पोत्यात भरा आणि नष्ट करा. कंपोस्टमध्ये टाकू नका, तिथनं माशा बाहेर पडतात.

शाहूपुरी_केमिस्ट
मान्य मावशी. धंदा गेला, पण मान्य.

रुईकर_कॉलनीवाला
मग आता नक्की कुठं कापू? माळ्याला ‘थोडंच काप’ म्हटलं की तो शेंडे खुडून जातो, ‘नीट काप’ म्हटलं की भादरतो.

द्राक्षवाला_काका
ह्यात मी बोलतो, छाटणीत हयात गेली आपली. माळ्याला ‘किती’ सांगायचंच नाही, ‘कुठली’ ते सांगायचं. खडू घेऊन स्वतः शिडीवर जा आणि खुणा करा.

पहिल्यांदा वाळलेलं, किडलेलं, एकमेकांवर घासणारं. मग फांदीच्या टोकाच्या प्रत्येक गाठीवर दोनच कोंब ठेवायचे, बाहेरच्या दिशेला जाणारे, जाड, बुडाशी चांगले बसलेले. बाकीचे बुडापासनं काढायचे. ठेवलेले दोन कोंब शेंड्यावर छाटायचे नाहीत. लांबी कमी करायचीच असेल तर बाजूची एखादी फांदी निघते तिथपर्यंत मागं यायचं, मध्येच अधांतरी नाही. एका वर्षात झाडाच्या पसाऱ्यातला चौथा हिस्सा, त्याच्या पुढं जायचं नाही. उरलेलं पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी. झाडाला वळण लागायला दोन-तीन हंगाम जातात, माळी घाई करंल, तुम्ही करू नका. सगळं उघडं केलं तर एप्रिलच्या उन्हानं उघड्या फांद्यांची साल भाजती, हेपण लक्षात असू द्या.

आता मोठी फांदी. पत्र्याच्या वर झुकलेली जी तिसऱ्या फोटोत दिसती, ती खोडापासनंच काढा. फांदी जिथनं निघती तिथं निरखून बघा. खालच्या बाजूला साल जराशी फुगलेली असती, वरच्या बेचक्यात काळपट सुरकुत्यांची रेघ असती. ती रेघ आणि तो फुगवटा खोडाचा असतो, फांदीचा न्हवं. फुगवटा संपतो तिथनं कापायचं. खोडाला चिकटून कापलं तर जखम दुप्पट मोठी होती, आणि वीतभर खुंट ठेवला तर तो वाळून कूज आत नेतो. झाड काय आपल्यागत जखम भरून काढत नाही, तेवढा भाग आतनं बंद करून कडेनं नवी साल चढवतंय. ती साल चढायला फुगवटा शाबूत पाहिजे.

एका दमात कापायला जाऊ नका. शेवटचं दोन बोटं लाकूड राहिलं की फांदी वजनानं मोडती आणि खोडाची साल खालपर्यंत सोलून नेती. म्हणून आधी खोडापासनं हातभर लांब, खालच्या अंगानं, तिसरा हिस्सा आत जाईल एवढा काप. मग चार बोटं अजून बाहेर, वरनं. फांदी गेली की राहिलेला खुंट फुगवट्याशी सावकाश. कोयता, कुऱ्हाड बाजूला ठेवा. अंगठ्याएवढ्याला सिकेटर, म्हंजे छाटणीची कात्री, त्याच्या वर वाकडी करवत. झाड बदलताना पातं स्पिरिटनं पुसा.

पेठेतला_वकील
फांदी वीजतारेच्या जवळ असेल तर आधी वीज कंपनीला कळवून लाइन बंद करून घ्या. ओली फांदी तारेला टेकली तर करवत धरलेला माणूस वाचत नाही.

उद्यमनगरचा
हातमोजे सांगतो. बागेच्या दुकानातले रबरी फुलाफुलाचे घेऊ नका, पांगारा त्यांना विचारत नाही. शिवाजी उद्यमनगरात फौंड्रीवाल्यांसाठी चामड्याचे कोपरापर्यंतचे हातमोजे मिळतात, ते घ्या. डोळ्याला ग्राइंडिंगचा चष्मा. खाली थांबणाऱ्याला हेल्मेट, दुचाकीचं चालतंय. आणि पांगाऱ्याच्या फांदीवर माणूस चढवू नका, लाकूड दगा देतंय. शिडी खोडाला बांधा आणि कापायची फांदी आधी दोरानं वरच्या बेचक्यातनं सोडून धरा, म्हणजे पत्रा वाचंल.

नर्स_ताई_आरकेनगर
काटा आत मोडला तर दाबून काढत बसू नका, धुऊन चिमट्यानं काढा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर घ्या. बोटाच्या सांध्याजवळ काटा मोडला आणि दुसऱ्या दिवशीही सूज राहिली तर सरळ डॉक्टर. काट्याचं टोक सांध्यात राहिलं तर महिनोन् महिने त्रास देतं. आणि घरात लहान मुलं असतील तर शेंगांतल्या लालचुटुक बिया वेचून टाका, विषारी असतात.

रुईकर_कॉलनीवाला
कापलेल्या जागी काय लावायचं? माळी ऑइलपेंट लावतो.

द्राक्षवाला_काका
ऑइलपेंट नको, आत ओल कोंडती. बोर्डो पेस्ट करा. १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, १ लिटर पाणी. दोन्ही अर्ध्या-अर्ध्या पाण्यात वेगवेगळं भिजवा, मग एकत्र ओता. प्लास्टिकची बादली घ्या, लोखंडी नको. झाल्यावर चकचकीत लोखंडी खिळा बुडवून बघा, तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, थोडा वाढवा. करंल त्या दिवशीच लावायची, शिळी ठेवायची नाही.

हिरवी_मावशी
काकांशी इथं माझं थोडं वेगळं मत. काप योग्य जागी आणि योग्य वेळी असेल तर नुसता उघडा ठेवला तरी चालतो, लेपानं झाड लवकर बरं होतं असं काही नाही. मनगटापेक्षा जाड कापाला लावा हवं तर, आपला पावसाळा बघता बुरशीला तेवढा अटकाव. बारक्या कापांना रंगरंगोटी नको.

द्राक्षवाला_काका
आमच्यात पेस्ट लावल्याशिवाय झोप येत नाही, मावशी. पण बारक्याला नको, हे खरं.

हिरवी_मावशी
अजून एक. छाटणीनंतर युरिया घालू नका. पांगारा शेंगावर्गातला, मुळांवरच्या गाठींतनं स्वतःचं नत्र स्वतः मिळवतो. वर युरिया दिला की पुन्हा तेच, लांबच लांब कोवळे काटेरी कोंब. जूनमध्ये फांद्यांवरच्या गाठींवर जे नवे कोंब फुटतील ते बोटभर असतानाच हातानं मोडून टाका, तेव्हा काटेही मऊ असतात. हे केलंत तर पुढच्या वर्षी करवतीचं काम निम्मं होईल.

ठसकेबाज
आणि एवढ्या फांद्यांचं करायचं काय? घंटागाडी असला काटेरी भारा घेत नाही म्हणे.

मळा_नरवाड
टाकू नका! पाला शेळ्या खात्यात, राहिलेला उसाच्या सरीत हिरवळीचं खत. मनगटाएवढ्या सरळ फांद्या पुरुषभर लांबीच्या तोडून सावलीत ठेवा, वळीव झाला की बांधाला रोवतो. कुंपण तयार, पुढं वेल चढवायला पण होतंय. कवा कापणार ते सांगा, छोटा हत्ती घेऊन येतो.

पक्षीवेडा_कळंबा
जाड ओंडका निघाला तर मला कळवा. सावंतवाडीची लाकडी खेळणी पूर्वी पांगाऱ्याच्या लाकडाचीच करत, हलकं आणि कोरायला मऊ म्हणून. मुलीला शाळेच्या प्रकल्पाला द्यायचंय.

रुईकर_कॉलनीवाला
मंडळी, ठरलं. उद्यान विभागाचा अर्ज आज लिहिला, तीन फोटो जोडले. पत्र्यावरची एक मोठी फांदी आणि वरच्या गाठींची विरळणी, एवढंच मागितलंय. माळ्याला धागा वाचून दाखवला. तो म्हणाला ‘असं एक-एक कोंब निवडत बसलो तर दिवस जातोय, मजुरी दुप्पट होईल’. मी हो म्हटलंय. पत्रा बदलायला गेल्या वर्षी याहून जास्त लागले होते.

शेजारच्या काकूंना अजून पटलेलं नाही. त्यांच्या बाजूला झुकलेली एक पातळ फांदी आहे, ती त्यांच्या समोरच काढायची असं सांगून आलोय. मळेवाले दादा, तारीख परवानगी आली की कळवतो. हत्ती गेटच्या आत येणार नाही, कोपऱ्यावर लावावा लागेल. येताना कासरा आणा, आणि हो, पायात बूट घाला.

मळा_नरवाड
बूट हाय. चहा ठेवा.